वाकड्या धुराड्याची बातमी

३ नोव्हेंबर

धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत नाही. आधी ओरडा खा. फोनवर तुला ओरडता येत नाही. मी हॅलो म्हटलं की तू म्हणतोस, "अक्का, मोठी बातमी चालू आहे, नंतर करतो." ते नंतर काही येत नाही. पत्राला मध्येच तोडता येत नाही म्हणून पत्र. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिते आहे, हसू नकोस. कोरी बाजू टाकवत नाही मला.

काल संध्याकाळी तुमच्या चॅनेलवर पूल दाखवला. ती तुमची बातमी देणारी मुलगी धावत्या गाडीतून ओरडत होती, "आपल्या फौजेच्या गाड्या या क्षणी याच पुलावरून पुढे सरकतायत आणि हे सर्वात आधी आम्ही तुम्हाला दाखवतोय." मी भाजी निवडत होते, ती तशीच राहिली. त्या गाड्यांपैकी एकीत तुझा भाचा असणार. लंबूला जाऊन महिना होत आला. कुठे आहे ते सांगायचं नाही असा त्यांना हुकूम आहे. आईला सांगायचं नाही आणि तुम्ही साऱ्या जगाला सांगता.

मी घरखर्च लिहिणारी बाई. मॅट्रिकपुढे शिकले नाही, पण जमा आणि खर्च हे दोन रकाने मला कळतात. तो पूल बघून माझ्या पदरात काय पडलं? काही नाही. मला तो कळला नसता तरी माझं काही अडलं नसतं. पलीकडच्याला कळला तर त्याचं काम झालं. टीव्ही काय फक्त आपल्याकडेच विकतात?

आणि धान्यबाजारात ज्याने स्फोट केला, त्याचं तीन दिवस चाललं होतं तुमचं. त्याची शाळा, त्याचे मास्तर, तो गणितात किती हुशार होता. त्याला अतिरेकी म्हणायचीसुद्धा तुमच्या त्या चष्मेवाल्याला लाज वाटत होती, तो "संशयित तरुण" म्हणत होता. बाजारात जीव गेलेल्या माणसांचे फोटो किती वेळ दाखवलेत? मी चहा गाळून आणला तेवढ्यात संपले. एका बाईला तर विचारलं, तुम्हाला आत्ता काय वाटतंय. तिच्या हातात नवऱ्याची चप्पल होती रे. काय वाटणार तिला?

तुम्ही म्हणता आम्ही कुणाच्याच बाजूचे नाही. घरात दरोडेखोर शिरल्यावर जो घरातला माणूस म्हणतो की मी कुणाच्याच बाजूचा नाही, त्याला दुसऱ्या दिवशी कोण जेवायला वाढेल?

तुझे दाजी म्हणतात, "त्याला कशाला बोलतेस, तो नोकरी करतो." म्हणून तुलाच बोलते. चॅनेलच्या मालकाला मी ओळखत नाही.

रोज सकाळी देवापुढे बसते तेव्हा लंबूचं नाव घेते. हात जोडलेले असतात आणि कान टीव्हीकडे. अशी भक्ती देवाला तरी काय पोचणार.

अक्का


८ नोव्हेंबर

अक्का,

ओरडा पोचला. ऑफिसात वाचला, दोनदा. शेजारच्याने विचारलं, "वकिलाची नोटीस आली काय?" म्हटलं, त्याहून वाईट, बहिणीचं पत्र आहे.

पुलाचं तू म्हणतेस ते मलाही खटकलं होतं. पण आम्ही दाखवलं नसतं तर बाकीच्यांनी दाखवलं असतं, आणि मग साहेबांनी मला उभं करून विचारलं असतं की आपण झोपलो होतो का. इथे प्रत्येकाच्या टेबलावर दुसऱ्या चॅनेलचे टीव्ही लावलेले असतात. आम्ही जगाकडे कमी आणि एकमेकांकडे जास्त बघतो.

पण अक्का, दुसरी बाजूही ऐक. मागच्या थंडीत जवानांना फाटके बूट दिले होते, ते कॅमेऱ्यानेच दाखवलं. सरकार तर सगळं ठीक आहे म्हणत होतं. नवे बूट नंतर गेले. आज लंबूच्या पायात धड बूट असतील तर त्यात आमचाही थोडा हात आहे. सगळीकडे पडदे लावले तर पडद्यामागे काय शिजतं ते कुणाला कळणार? "आमच्यावर विश्वास ठेवा" एवढंच सांगणाऱ्याच्या हाती तू तुझ्या घरची किल्ली देशील का?

त्या चप्पलवाल्या बाईचं मात्र खरं आहे.

लंबूची काही खबर? आमचा एक कॅमेरावाला तिकडेच आहे. भला माणूस आहे, आम्ही त्याला पैलवान म्हणतो, कॅमेरा खांद्यावर असा घेतो जसं लहान मूल. तू म्हणालीस तर त्याला विचारतो. दाखवायला नाही, नुसतं कळवायला.

धाकटा


१३ नोव्हेंबर

धाकट्या,

बुटांचं मला माहीत नव्हतं. ते तुमच्या जमेला लिहिते. मी हिशेबात कुणावर अन्याय करत नाही.

आता ऐक. लंबूचं पत्र आलं. टपालाने नाही, माणसाच्या हाती आलं, त्याच्या तुकडीतला एक जण आजारपणाच्या रजेवर घरी आला, त्याने शेजारच्या गल्लीतून आणून दिलं. म्हणून ते कुणी उघडून वाचलेलं नाही. मी चुलीवरचं खाली उतरवलं, हात पुसले आणि मग उघडलं. हे म्हणाले, मोठ्याने वाच. मला मोठ्याने वाचता येईना, म्हणून त्यांनी वाचलं, आणि मग त्यांनाही येईना.

बरा आहे. नदीकाठी एक बंद पडलेली वीटभट्टी आहे, तिथे त्यांचा तळ आहे. भट्टीचं धुराडं एका अंगाला इतकं वाकलंय की पोरं त्याला म्हातारा म्हणतात. दुपारी त्याच्या सावलीत बसतात. त्यांच्यात एक न्हावी आहे, सगळ्यांचा काका, तो तिथेच खुर्ची टाकून केस कापतो आणि लंबूला म्हणतो, तू बसलास तरी मला स्टूल लागतं. पांघरुणातून पाय बाहेर येतात म्हणून दोन पांघरुणं जोडून शिवलीत म्हणे. शिवण कशी घातली असेल देव जाणे.

हे फक्त तुला. तू घरचा आहेस म्हणून लिहिलं. मला कुणाजवळ तरी बोलावंसं वाटत होतं आणि ह्यांच्याजवळ बोलून झालं. शेजारणी रोज विचारतात, मी म्हणते खबर नाही.

तुझ्या पैलवानाला विचारायचं तर विचार, पोरगा दिसला का, तब्येत कशी आहे. पत्रात तो बराच असतो. तापाने फणफणला होता तेव्हाही त्याने बराच आहे म्हणून लिहिलं होतं. दुसऱ्या कुणी डोळ्यांनी बघून सांगितलं तर मला घास गोड लागेल.

अक्का


१८ नोव्हेंबर

अक्का,

घाईत आहे, पण हे तुला कळवल्याशिवाय राहवेना. लंबू सापडला. धडधाकट आहे, हसतोय. पैलवानाशी बोलला, तुमची चौकशी केली.

आणखी काही सांगत नाही. रविवारी संध्याकाळच्या मोठ्या बातम्या लाव. दाजींनाही बसव. शेजारणींना बोलावलंस तरी चालेल. एकदा तरी माझ्या चॅनेलने तुला रडवायच्या ऐवजी हसवावं अशी फार इच्छा होती.

चेहरे पुसट केलेत, नियम आहे. पण तू ओळखशील.

धाकटा


२२ नोव्हेंबर, रविवार

धाकट्या,

ओळखलं. चेहरा पुसून टाकला तरी काय झालं, तो उभा राहतो तसा दुसरा कोण उभा राहतो? एक खांदा खाली, कमी उंच दिसावं म्हणून. क्षणभर मी टीव्हीजवळ गेले आणि काचेवर हात ठेवला. हे म्हणाले, "अगं, डाग पडेल." आणि स्वतःच डोळे पुसत होते.

मग कॅमेरा मागे सरला.

धाकट्या, त्याच्या मागे धुराडं होतं. अख्खं. वाकडं. त्याच्यामागे नदीचं वळण. चेहरे तुम्ही पुसलेत, धुराडं कोण पुसणार? अशी वाकडी धुराडी त्या नदीवर किती असतील? मी कधी तिकडे गेले नाही, नकाशा कळत नाही, आणि मला कळलं की हा माझा मुलगा नेमका कुठे निजतो. मला कळलं तर ज्यांनी त्या नदीवर तोफा रोखल्यात त्यांना कळायला किती वेळ लागेल?

पैलवानाला तिथे कुणी धाडलं ते मी विचारत नाही. मला माहीत आहे. धुराड्याचं तुलाच लिहिलं होतं, दुसऱ्या कुणाला नाही.

लगेच फोन केला. तू उचलला नाहीस. कुणी पोरगी बोलली. म्हटलं, ते चित्र दाखवणं बंद करा, माझा मुलगा आहे त्यात. ती म्हणाली, "अय्या, तुम्ही आई का? लाईनवरच राहा हं काकू, तुमची फोनवर मुलाखत घेऊ, दोन मिनिटांत तुम्हाला ऑन एअर घेते." मी फोन ठेवला.

तेव्हापासून ते पाच वेळा दाखवलं. खाली लिहिलंय, "फक्त आमच्याकडे." पाचव्या वेळी ह्यांनी टीव्हीची वायरच ओढली. पण वायर आमची निघाली, त्यांची नाही.

शेजारचे मास्तर उद्या पहाटेच्या गाडीने तुमच्या शहरात येतायत, त्यांच्या हाती हे देते. मिळाल्याबरोबर ते चित्र काढून टाक. साहेबांच्या पाया पड, काय करायचं ते कर. तू लहानपणी माझ्या ताटातलं घ्यायचास, मी कधी काही मागितलं नाही. आज मागते.

अक्का


२४ नोव्हेंबर

अक्का,

मास्तर आले. तुझं पत्र उभ्यानेच वाचलं.

ते चित्र मी काढून टाकलं. कुणाला विचारलं नाही, नुसतं काढलं. साहेबांनी बोलावलं. म्हणाले, सगळ्यात जास्त बघितलेली गोष्ट तू कुणाच्या परवानगीने काढलीस? मी म्हटलं, भाचा आहे माझा. ते म्हणाले, भाचा होता म्हणून तर ती बातमी होती. आजपासून मला हवामानावर टाकलंय. उद्या ढग येणार की नाही एवढंच माझ्याकडे. तिकडच्या ढगांचं मी सांगत नाही.

पण अक्का, खोटं बोलणार नाही. आमच्याकडून निघालं तरी दुसऱ्यांनी ते उचललंय. लोकांच्या फोनांतून फिरतंय. माझ्या सोसायटीचा वॉचमन मला दाखवायला आला, "साहेब, कसला उंच जवान आहे बघा." मी काय बोलू?

मला वाटलं होतं तू खूश होशील. आणखी काही वाटलं नव्हतं. पैलवानाला म्हटलं, वाकडं धुराडं शोध आणि त्याखाली सगळ्यात उंच पोरगा. मला ती एक गंमत वाटली, घरातली. इतकी वर्षं ह्या कामात आहे, दुसऱ्याचं असतं तर धुराडं मला पहिल्यांदा दिसलं असतं. लंबू होता म्हणून मला फक्त लंबू दिसला.

पलीकडच्यांना तळ आधीपासून माहीतही असेल. त्यांच्याकडे विमानं आहेत, वरून बघतात. घाबरू नकोस असं म्हणायला तोंड नाही, तरी म्हणतो.

धाकटा


१ डिसेंबर

धाकट्या,

काल फोनवर तू नुसता "अक्का, अक्का" करत होतास, म्हणून मीच ठेवला. बातमी आम्हीही ऐकली. "नदीकाठच्या एका ठाण्यावर मारा, जीवितहानीचे वृत्त." ठाण्याचं नाव सांगितलं नाही. आता नाव सांगत नाहीत बघ. आता नियम आठवला.

त्याचा फोन नाही, पत्र नाही. ह्यांनी फौजेच्या कचेरीत विचारलं, तिथला कारकून म्हणाला कळवण्यासारखं असलं की कळवू. हे घरी आले आणि दारातच बसले. म्हणाले, "कळवण्यासारखं म्हणजे काय गं?" गल्लीत गाडी थांबली की आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नाही.

आज सकाळी दाराशी दोन पोरं आली, एकाच्या हातात माईकचं दांडकं. तुमचं चॅनेल नव्हतं, दुसरं. कुणीतरी लंबूला ओळखून आमचा पत्ता दिला. गोड बोलत होती. "काकू, सगळा देश तुमच्या पाठीशी आहे, दोनच वाक्यं बोला." मी म्हटलं, "देश पाठीशी आहे तर त्याला जरा मागे सरकायला सांगा, मला दार लावायचंय." दार लावलं. तर बाहेरून त्या दाराचंच चित्र घेतलं. शेजारीण सांगत होती, दुपारी आमचं दार टीव्हीवर होतं.

तुला वाटेल अक्का मला दोष देते. दोष वाटून घ्यायला बसले तर माझ्याच वाट्याला मोठा येतो. तुम्ही सांगू नये ते सांगता म्हणून मी पानभर लिहिलं, आणि पुढच्याच पत्रात मी काय केलं? मला राहवलं नाही म्हणून सांगितलं. तुमच्या त्या गाडीतल्या मुलीलाही राहवत नसेल. पण तिला नोकरी होती, साहेब होता, शेजारचा टीव्ही होता. मला काय होतं?

देवापुढे बसते. काय मागायचं ते कळत नाही. माझा राहू दे म्हटलं तर मग दुसऱ्या कुणाचा, असा प्रश्न मनात येतो, आणि जीभ तिथेच अडते.

अक्का


५ डिसेंबर

आई,

मी बरा आहे. खरंच बरा आहे, खरचटलंसुद्धा नाही.

हे पत्र उघडून बघतील, म्हणून थोडंच लिहितो. जे टीव्हीवर आलं ते साहेबांनी त्याच संध्याकाळी बघितलं आणि उजाडायच्या आत आम्हाला हलवलं. सामान अर्धं तिथेच राहिलं. आता म्हातारा राहिला नाही, एवढं लिहायला हरकत नसावी, ते सगळ्यांना माहीत आहे.

काका गेले. न्हावी काका. सहा-सात दिवस काही झालं नाही, तेव्हा त्यांना वाटलं आता काही होत नाही. त्यांची पेटी आणि आरसा मागे राहिला होता. म्हणाले, आरशाशिवाय पोरांना कळणार कसं की मी केस बरोबर कापले की नाही. ते आणायला परत गेले आणि त्याच वेळी मारा झाला.

साहेबांनी मला बोलावलं होतं. कॅमेरावाला तुलाच शोधत कसा आला, असं विचारलं. मी खरं ते सांगितलं, की घरी पत्रात लिहिलं होतं आणि मामा त्या चॅनेलवर आहे. ते म्हणाले, शिक्षा होईल, पण ती नंतर, आत्ता माणसं कमी आहेत. मला वाटत होतं त्यांनी मारावं.

पोरं मला काही बोलत नाहीत. आधी चिडवायची, हिरो म्हणायची.

मामावर रागावू नकोस. बाबांना सांग जेवत जा.

तुझा लंबू


१० डिसेंबर

माझ्या राजा,

तुझं पत्र आलं. ह्यांनी वाचलं, मी वाचलं, मग ह्यांनी परत घेतलं. काल रात्री जेवले, तू सांगितलंस म्हणून.

हे पत्र तुझे साहेब आधी उघडतील, तर त्यांच्यासाठीही लिहिते. साहेब, मुलाने आईला लिहिलं, त्याची चूक तेवढीच. पुढे ते मी सांगितलं आणि माझ्या भावाने पुढे नेलं. मुलाला द्याल ती शिक्षा द्या, पण पूर्ण गोष्ट माहीत असू द्या.

मामा परवा आला होता. दोन दिवस राहिला, टीव्ही लावला नाही. तो म्हणाला, "अक्का, मारा त्या चित्रामुळेच झाला हे कुणी सिद्ध करू शकणार नाही." मी म्हटलं, "नाहीच करू शकणार. केलं असतं तर रडून मोकळी झाले असते." जाताना पाया पडला, तेव्हा मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. रागावले नाही. तू सांगितलंस म्हणूनच नाही, माझाही हात त्याच गोष्टीत आहे म्हणून.

काकांच्या घरचा पत्ता मला पाठव. तो सांगायला हरकत नसेल तर. त्यांच्या दारात अजून कॅमेरे असतील, ते निघून गेले की मी जाईन. काय बोलणार ते ठरवलेलं नाही. बोलायला हवं ते सगळं सांगेन, लपवणार नाही. काकांच्या बायकोने दार लावलं तर बाहेर बसेन.

तू आहेस हे कळलं तेव्हा मी देवापुढे पडले आणि उठताना मला लाज वाटली. दुसऱ्या घरात काय चाललं असेल त्या वेळी.

आता एक ऐक. पत्र लिहीत जा, पण कुठे आहेस ते लिहू नकोस. डोंगर आहे की नदी आहे, झाड आहे की भिंत, काही लिहू नकोस. सोबत कोण आहेत तेही नको. कागदावर नुसतं "आहे" एवढं लिही आणि पाठव. मला पुरेल. पुरवून घेईन, मला सवय आहे.

आणि मी विचारेन बघ. आज शहाण्यासारखं लिहिते आहे, पण महिना गेला की विचारेन. थंडी कशी आहे म्हणून विचारेन, सावलीला काय आहे म्हणून विचारेन. आडून आडून विचारेन, शपथ घालेन, रडून लिहीन. मला राहवणार नाही रे.

तू सांगू नकोस.

आई